मीटरकाका

मीटरकाकांना अंधाराचा त्रास होत नाही, उजेडाचा होतो. तोही स्वतः बसलेत त्या खोलीतल्या नव्हे, पलीकडच्या खोलीतल्या उजेडाचा. तोंडावर वर्तमानपत्र पांघरून दुपारी आडवे झालेले असतानाही त्यांना भिंतीआडून कळतं की स्वयंपाकघरात दिवा चालू आहे आणि तिथे कुणी नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधीही कळायचं. उलट डॉक्टरांनी "आता कसं दिसतंय?" असं विचारल्यावर काकांनी पट्टी काढल्याकाढल्या दिलेलं उत्तर "तुमच्या वेटिंग रूममध्ये भरदिवसा चार ट्यूब कशाला?" असं होतं, असं काकी सांगतात.

काकांचं खरं नाव काहीही असू शकतं. आडनाव, गाव, जिल्हा बदलतो; काका बदलत नाहीत. बहुधा बँकेतून, टपाल खात्यातून, जिल्हा परिषदेतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेले असतात. डोंबिवलीत असतात, चिंचवडला असतात, नाशिक रोडला असतात. सांगलीत तर एकेका इमारतीत दोन-दोन असतात आणि एकमेकांवर लक्ष ठेवतात. मुलगा न्यू जर्सीला असला तर सहा महिने तिथेही असतात. तिथले खटके आपल्या उलट; वर केला की दिवा लागतो. काकांचा नेम असा, की झोपण्याआधी अंधारातून घरभर फिरून प्रत्येक खटक्यावर हात फिरवायचा आणि तो वर आहे ना याची खात्री करायची. पहिल्याच रात्री त्यांनी मुलाचं अख्खं दुमजली घर उजळून टाकलं. शेजारचा अमेरिकन खिडकीत आला. काकांनी त्याला हात केला आणि मुलाला म्हणाले, "बघ, याच्याकडे पोर्चमध्ये रात्रभर चालू असतो."

काकांचा उजवा हात हा त्यांचा स्वतंत्र अवयव आहे. गप्पा मारताना तो त्यांच्याबरोबर असतो, पण खोली ओलांडताना तो पुढे जातो आणि खटका खाली दिसला की वर करून येतो. त्या खोलीत माणूस आहे की नाही, ही चौकशी हाताच्या कक्षेत येत नाही. सून बेडरूममध्ये साडी नेसत असते, नातू अंघोळीला गेलेला असतो, पाहुणे बेसिनपाशी तोंड धूत असतात. अंधार होतो. आतून आवाज येतो, "आजोबा, मी आत आहे!" यावर माफी मागण्याची पद्धत काकांकडे नाही. "मग बोलत का नाहीस?" असं ते विचारतात. त्यामुळे त्या घरातली माणसं बाथरूममध्ये गाणी म्हणतात. शेजाऱ्यांना वाटतं, कुटुंब सुरेल आहे.

काकांच्या बोलण्याला तीन पायऱ्या आहेत. पहिली सौम्य: "घरात दिवाळी आहे का?" दुसरी जरा चढी: "हा पंखा कुणासाठी फिरतोय? भिंतींना उकडतंय?" तिसरी निर्वाणीची: "आजोबांनी पॉवरहाऊस काढून ठेवलंय का तुमच्या?" ही ते नातवंडांना विचारतात. नातवंडांचे आजोबा आपणच आहोत, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात नसतं.

घरात एकच सत्ता काकांच्या वरची आहे: तिन्हीसांज. सूर्य बुडाला की घरात अंधार नको, लक्ष्मी यायची वेळ असते, हा काकींचा कायदा. काका त्याला उघड विरोध करत नाहीत. फक्त तिन्हीसांज म्हणजे नेमके किती वाजता, यावर पंचांग काढतात. मग देवापुढची समई लागते. समई काकांना मनापासून आवडते, कारण ती मीटरमधून जात नाही.

आता कुणी म्हणेल, हा कंजूषपणा आहे. तसं नाही. काका लग्नात आहेर घसघशीत करतात, गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्यांना चहा पाजतात, हापूसची पेटी पहिल्या आठवड्यात आणतात. बिलातल्या 22 रुपयांची तक्रार करायला ते 40 रुपयांची रिक्षा करून जातात आणि येताना पुन्हा 40 रुपयांची करून येतात. महावितरणने कागदी बिल नको म्हणणाऱ्यांना दर बिलामागे 10 रुपये सूट ठेवली आहे. काकांनी ती घेतलेली नाही. ई-मेलवर आलेलं बिल फाइलला लावता येत नाही, हे कारण. वर्षाचे 120 रुपये ते शांतपणे सोडतात. जिन्यातला दिवा सकाळी सव्वासातला चालू दिसला तर शांत राहत नाहीत.

हे येतं कुठून? काकांचं बालपण कंदिलाच्या काळातलं. संध्याकाळी काचा राखेने पुसायच्या, वात कातरायची, रेशनचं रॉकेल जपून ओतायचं ही कामं पोरांची. ते शाळेत असताना गावात वीज आली, घरात एक पिवळा 40 वॅटचा दिवा लागला आणि तो माजघर, स्वयंपाकघर आणि ओटी अशा तिन्ही ठिकाणी थोडा थोडा दिसावा अशा जागी टांगला गेला. आठ वाजता वडील तो बंद करायचे. "निजायला उजेड कशाला लागतो?" हा त्यांचा प्रश्न होता आणि आजपर्यंत काकांना त्याचं उत्तर सापडलेलं नाही. म्हणजे बटण काका बंद करतात, पण हात वडिलांचा असतो.

पुढे 2005 नंतर राज्यात भारनियमनाची वर्षं आली. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास वीज जायची, शहरांत वाट्याला येतील तेवढे तास. सगळा महाराष्ट्र त्रासलेला असताना एक मीटरकाका तेवढे प्रसन्न होते. वर्तमानपत्रातलं वेळापत्रक कापून त्यांनी दारामागे चिकटवलं होतं. गिरणी कधी, पंप कधी, मिक्सर कधी, हे सोसायटीला ते सांगत. लाइट गेली की गॅलरीत येऊन म्हणत, "गेली. अगदी वेळेवर." आणि आली की, "आली. चार मिनिटं उशीर." अख्ख्या इमारतीत एकही दिवा चालू नाही, हे दृश्य त्यांना रोज फुकट बघायला मिळत होतं. भारनियमन संपलं तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. काकांनी वेळापत्रक जपून ठेवलं.

बिल येतं तो दिवस काकांच्या घरी सणाचा असतो, फक्त गोडाचा नसतो. आधी चष्मा पुसला जातो. मग फाइल निघते. या फाइलमध्ये वीज मंडळाचं विभाजन व्हायच्या आधीची, म्हणजे 2005 पूर्वीची बिलंही आहेत. मागील रिडिंग, चालू रिडिंग, वजाबाकी. वजाबाकी छापलेलीच असते, पण काका ती पुन्हा करतात. यंत्राचा काय भरवसा? मग स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, 16 टक्के वीज शुल्क असे एकेक आकार खालच्या आवाजात वाचले जातात. शेवटी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना. मागच्या मे महिन्यात 143, या मे महिन्यात 151. "आठ युनिट," काका म्हणतात आणि घरात शांतता पसरते. जो तो आपापला गुन्हा आठवतो. "मे महिन्यात ताई राहायला आली होती," असं काकी सांगतात आणि खटला निकालात निघतो. पण ताईला पुढच्या मे महिन्यात काकांकडून एरवीपेक्षा थोडं थंड स्वागत मिळतं. पंखाही एक नंबरवर.

शंभर या आकड्याची काकांना विशेष धास्ती. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे आहेत: शंभरपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, मग 500 पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. पुढच्या टप्प्याचा दर चांगलाच चढा. काकांची समजूत अशी, की शंभरावर एक युनिट पडलं की सगळीच्या सगळी 101 युनिटं चढ्या दराने मोजतात. म्हणून रिडिंग घ्यायची तारीख जवळ आली आणि आकडा नव्वदीत पोचला की घरात आणीबाणी लागते. इस्त्री बंद, मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. नातवाचा कॉम्प्युटर बंद, मग त्याची परीक्षा असो. प्रत्यक्षात चढा दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो. पहिली शंभर आपल्या स्वस्त दरातच राहतात. हे बिलाच्या मागेपुढे छापलेलं असतं. पण फाइलला लावताना नेमकी तीच बाजू पंच होते.

काकांचं शास्त्र हा वेगळाच विषय आहे. त्यातला पहिला सिद्धांत झिरोच्या दिव्याचा. काकांच्या देवघरात तीस वर्षं लाल झिरोचा दिवा रात्रभर जळत आला. झिरो म्हणजे शून्य, तेव्हा तो वीज खात नाही, यावर त्यांचा संपूर्ण विश्वास. तो जुना झिरोचा बल्ब प्रत्यक्षात 12 ते 15 वॅट घेतो. रोज दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. खोली लख्ख उजळणारा 9 वॅटचा एलईडी तितकेच तास लावला तर पावणेतीनही होत नाहीत. म्हणजे काकांनी पोरांना तीस वर्षं अंधारात अभ्यास करायला लावला आणि देवाच्या नावावर जास्त वीज जाळली. देवानेही कधी सांगितलं नाही.

दुसरा सिद्धांत चार्जरचा. फोन काढून घेतला तरी चार्जर खोबणीतच राहिला की वीज "गळते", असं काका म्हणतात. रात्री दोनला उठून ते सगळ्यांचे चार्जर उपटून एका डब्यात ठेवतात. सकाळी ज्याने त्याने ओळख पटवून आपापला न्यायचा. यात तथ्य आहे, पण किती? रिकामा चार्जर महिनाभर तसाच राहिला तरी पाव युनिट होत नाही. त्याच खोलीत, त्याच वेळी, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स दिवसरात्र कोमट होऊन बसलेला असतो. टीव्ही रिमोटने बंद केला म्हणून तो बंद होत नाही. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिट. काका त्यावर हात टेकून उभे राहतात आणि चार्जर शोधतात.

तिसरा सिद्धांत जुनं ते सोनं. वस्तू जोवर चालते तोवर ती बदलणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून हॉलमध्ये अजून चोकची ट्यूब आहे. नळी 40 वॅटची, वर चोकचे दहा-बारा. तितकाच उजेड देणारी एलईडीची पट्टी 20 वॅटमध्ये भागवते. छताचा पंखा लग्नात आलेला, 75 वॅटचा, खालचा रेग्युलेटर डब्यासारखा मोठा आणि हात लावला तर गरम. पंखा हळू केला की उरलेली वीज त्या डब्यात उष्णता होऊन जाते, वाचत नाही. वाचते ती नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये. हल्लीचे बीएलडीसी पंखे 30 वॅटच्या आसपास चालतात. दिवसाला पंधरा तास फिरणारा एक पंखा बदलला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. तीन पंखे बदलले तर साठ. काकांची शंभराची आणीबाणी कायमची उठली असती. "पण पंखा चालतोय की!" काका म्हणतात. पंखा चालतोय, हे खरं. वर्षानुवर्षं तोच घरातला सगळ्यात मोठा पाहुणा आहे, हे त्यांना दिसत नाही.

आणि फ्रिज! मुलाने पाच तारे असलेला नवा फ्रिज आणला, तेव्हा काकांनी त्यावरचं स्टिकर कौतुकाने वाचलं. ही ताऱ्यांची पद्धत ऊर्जा दक्षता ब्युरोने 2006 साली सुरू केली. स्टिकरवर वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेलं असतं. काकांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. जुन्या फ्रिजचं काय करायचं, असं मुलाने विचारलं. "टाकायचा कशाला? चांगला आहे की." तो आता मागच्या खोलीत आहे. आत सहा बाटल्या पाणी, लोणच्याची बरणी आणि काकांचं डोळ्यांत घालायचं औषध. तो चोवीस तास चालतो. बचत म्हणून आणलेल्या फ्रिजने घरातले फ्रिज दोन केले. काका रोज त्या खोलीतला दिवा मात्र न चुकता बंद करतात.

मुलगा आणि एसी ही आघाडी निराळी. मुलगा रात्री 18 वर लावतो आणि रजई घेऊन झोपतो. काका रात्री बाराला दाराच्या फटीशी हात धरून उभे राहतात. 2020 पासून तारांकित एसी सुरू करताना मुळात 24 वर असतो आणि तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतं. हे काकांना तोंडपाठ आहे आणि इथे ते शंभर टक्के बरोबर आहेत. पण इतक्या वर्षांत "बंद कर" हे दोनच शब्द त्यांनी इतके वापरले, की "24 वर ठेव आणि पंखा लाव" हे चांगलं वाक्य मुलापर्यंत पोचत नाही. तो रिमोट उशीखाली घेऊन झोपतो. दाराच्या आत 18, बाहेर काका.

घर आटोपलं की काका सोसायटीकडे वळतात. जिन्याचा दिवा, पार्किंगचा दिवा, लिफ्टमधला पंखा, गेटवरची पाटी. "कॉमन मीटर म्हणजे कुणाचंच मीटर नाही, असं समजू नका," हे त्यांचं सर्वसाधारण सभेतलं पहिलं वाक्य. 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी ते फलकावर खडूने सुविचार लिहितात, आणि संध्याकाळी तो वाचता येत नाही, कारण फलकावरचा दिवा त्यांनीच बंद केलेला असतो. जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे बसवले, तेव्हा समितीला वाटलं काका खूश होतील. काका आठवडाभर कासावीस होते. बंद करायला बटणच नाही! अखेर ते जिन्यात निश्चल उभे राहून दिवा बंद होईपर्यंत वाट बघू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकदा अंधारात त्यांना आपटल्या.

वास्तविक सोसायटीतली काकांची खरी शिकार गच्चीवर होती. टाकी भरून पाणी वाहू लागतं, वॉचमनला डुलकी लागलेली असते, आणि 5 हॉर्सपॉवरचा पंप चालूच असतो. असा पंप पावणेचार किलोवॅटचा. पाव तास फुकट चालला की जवळजवळ एक युनिट गेलं. जिन्यातल्या एलईडीला तेवढ्यात चार-पाच रात्री निघतात. पण पाणी वाहताना उजेड पडत नाही. काकांना ऐकू येतं ते पाणी, दिसते ती पाणपट्टी.

इथेच काकांचं मर्म आहे. त्यांचा पहारा 60 वॅटच्या बल्बच्या काळात बसवलेला आहे. त्या काळात तो अगदी रास्त होता. विसरलेला दिवा खरोखर खर्चिक होता. मग एलईडी आले. 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर 36 कोटींहून अधिक वाटले गेले. 60 वॅटचं काम 9 वॅटवर आलं. चोर केव्हाच मागच्या दाराने आत आला होता आणि काका पुढच्या दारावर उभेच. घरातली वीज आता उजेडात फार जात नाही. ती जाते तापवण्यात आणि गार करण्यात: गीझर, इस्त्री, एसी, फ्रिज. आणि तापणारी वस्तू डोळ्यांत भरत नाही. गीझरवर लुकलुकतो तो एवढासा लाल ठिपका, तोही दाराआड, उंचावर.

काका स्वतः बारा महिने कढत पाण्याने अंघोळ करतात. मे महिन्यातसुद्धा. उठल्याबरोबर गीझर लावायचा, मग चहा, मग पेपर अग्रलेखासकट, मग अंघोळ. 15 लिटर पाणी वीस मिनिटांत तापतं. पुढचा तासभर ते थोडं थोडं निवतं आणि गीझर ते पुन्हा पुन्हा तापवत बसतो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला सुमारे 0.6 युनिट लागतात. तेवढ्या विजेत 9 वॅटचा दिवा अखंड पावणेतीन दिवस चालतो. म्हणजे काकांच्या एका अंघोळीच्या खर्चात नातवाने सोमवारी सकाळी दिवा लावावा आणि बुधवारी रात्रीपर्यंत बंद करायला विसरावा. नातवाला मात्र दहा मिनिटांसाठी ओरडा बसतो.

त्याच घरात काकी राहतात. ऊर्जा हा शब्द त्या फक्त बातम्यांत ऐकतात. पण डाळ आणि तांदूळ आधी भिजत घालतात. एका कुकरमध्ये वरण, भात, बटाटे असे तीन डबे चढवतात. शिट्टी झाली की गॅस बारीक, भाजीवर झाकण, दूध उतू जायच्या बेतात आलं की आच बंद. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळे कपडे मिळून. शेवटचे चार रुमाल बटण बंद करून उरलेल्या गरमीवर. गरम भांडं फ्रिजमध्ये जात नाही. फ्रिजचं दार उघडं टाकून कुणी विचार करत उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. "काय हवंय ते आधी ठरव, मग उघड." हे सगळं त्या कुणाला दिसू न देता करतात, आणि संध्याकाळी बिल बघून काका म्हणतात, "मी होतो म्हणून एवढ्यावर भागलं." काकी "हो ना" म्हणतात आणि डबे पुसतात.

काकांचे डोळे उघडले ते नातीमुळे. ती अकरावीला, शास्त्र शाखेला. मीटरवर एक लाल दिवा सतत लुकलुकतो आणि शेजारी, एका युनिटला 3200 लुकलुक, असं छापलेलं असतं, हे तिने काकांना दाखवलं. पूर्वीच्या मीटरमध्ये चकती फिरायची. काका तिच्यापुढे तासन् तास उभे राहायचे. नवीन मीटर आल्यापासून त्यांचा मीटरशी संवाद तुटला होता. तो नातीने जोडून दिला.

रविवारी सकाळी प्रयोग ठरला. काका खाली मीटरच्या खोलीत, कानाला फोन, नात वर. घरातलं सगळं बंद. फ्रिजसुद्धा, दोन्ही. "आजोबा, एक दिवा लावते." काका बघत राहिले. लुकलुक होईना. "लाव की!" "लावलाय." दोन मिनिटांनी एकदा मीटर लुकलुकलं. "एकदाच?" "एकदाच." काकांना ते पटेना. त्यांनी ओरडून सगळे दिवे लावायला सांगितले. मग दिवे बंद करून पंखा लावला. पंधरा सेकंदांना एक. मग नात म्हणाली, "आता गीझर," आणि मीटर सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकायला लागलं, थांबेचना. काका ओरडले, "काय लावलंस?" "गीझर, आजोबा. तुमचा." तोवर अख्ख्या इमारतीने काकांना "लाव, अजून लाव" असं ओरडताना ऐकलं होतं. चौघं जण काळजीने खाली आले. एकाने रक्तदाबाचं यंत्रही आणलं.

काका बदलले. घरच्यांना वाटलं, आता सुटलो. पण ज्ञान झालेला माणूस अज्ञानी माणसापेक्षा घातक असतो. मागच्या खोलीतला फ्रिज भंगारात गेला, हे चांगलं झालं. देवघरात एलईडी आला. पंखे बदलले. आणि काका गीझरच्या बटणापाशी खुर्ची टाकून बसू लागले. जो अंघोळीला जाईल त्याला वीस मिनिटं आधी नाव द्यावं लागतं. दार दोनदा वाजलं की समजायचं, पाणी तापलं आणि गीझर बंद झाला. मे महिन्यात काका आता गार पाण्याने अंघोळ करतात, आणि ते शेजाऱ्यांनाही कळतं, कारण पहिला तांब्या अंगावर घेताना ते मोठ्याने देवाचं नाव घेतात.

सध्या त्यांचं लक्ष गच्चीवर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या घरगुती सौर यंत्रणेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक किलोवॅटमागे चारेक युनिट वीज तयार होते, हे त्यांनी सभेत पाठ म्हणून दाखवलं. यंत्रणा बसेल तेव्हा बसेल. पण आकाशात ढग आला की काका आत्ताच नाराज दिसतात. उद्या पॅनेल बसली तर जुलै महिना त्या इमारतीला जड जाणार, कारण सूर्याला "बंद का आहेस?" असं विचारण्याची पहिली पायरी काका चढून बसले आहेत.

मीटरकाकांची चेष्टा करणं सोपं आहे, आणि त्यांच्याबरोबर राहणं अवघड. पण बचतीचा विचार डोक्यात चोवीस तास जागा ठेवणारा घरात एवढा एकच माणूस असतो, हेही खरं. त्यांचं फक्त लक्ष्य चुकलेलं असतं, आणि ते बरोबर जागी वळवायला एक रविवार पुरतो. तेव्हा तुमच्या घरी काका असतील तर त्यांच्याशी भांडू नका, त्यांना खाली मीटरपाशी न्या. काका नसतील तर स्वतः जा. आणि वर आल्यावर आधी गीझर, फ्रिज, एसी आणि पंख्यांकडे बघा. दिव्याचं बटण जाता जाता बंद केलंत तरी चालेल. फक्त बाथरूमचं करण्याआधी आत कुणी आहे का, तेवढं विचारा.